हृदयाचे शस्त्रवैद्य डॉ. प्रफुल्लकुमार सेन

आमच्या वार्षिकाच्या मराठी विभागांत एखाद्या थोर व्यक्तीचें अल्प चरित्र देण्याचा परिपाठ आहे. यंदा आम्हीं ज्यांची निवड केली आहे ते राजे, सेनापति अगर कवि नव्हत. ते मुंबईस परळ येथील के. ई. एम्. रुग्णालयांत शस्त्रवैद्य होते, आणि त्यांच्या निधनास आतां चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. ही निवड करण्यास एक घरगुती कारण घडलें. तें आधीं सांगितलें पाहिजे.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या शाळेंतील दहावीच्या एका विद्यार्थिनीच्या हृदयावर मुंबईस शस्त्रक्रिया झाली. ही मुलगी चौथींत असतां तिचा घसा दुखून तिला ताप आला होता. पुढें पंधरा-वीस दिवसांनीं गुडघे सुजले; ते उतरतात न उतरतात तोंच घोटे सुजले, मग मनगटें; आणि महिन्याभरांत सर्व आपोआप निवळलें. माणगांवासारख्या गांवीं अशा तापाची आठवण कोण ठेवतो? भातलावणीच्या दिवसांत तर मुळींच नाहीं. नववींत गेल्यावर मात्र शाळेचा जिना चढतांना तिला धाप लागूं लागली, आणि रात्रीं डोक्याखालीं दोन-तीन उशा घेतल्यावांचून झोप येईना. मुंबईच्या डॉक्टरांनीं तपासून सांगितलें कीं, हृदयाची एक झडप इतकी खराब झाली आहे कीं ती काढून तेथें कृत्रिम झडप बसविली पाहिजे. कृत्रिम झडपा दोन प्रकारच्या मिळतात, एक धातूची व दुसरी प्राण्याच्या ऊतींची. पैकीं कोणती, हें घरच्यांनीं विचार करून सांगावें. एका संध्याकाळीं तिची आई आमच्या दारीं आली आणि कोणती झडप घ्यावी हें सरांनींच सांगावें, असें म्हणूं लागली.

आम्ही पदवीधर खरे, पण त्या माउलीपुढें आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. दोन दिवसांचा अवधि मागून घेऊन आम्हीं मिळेल तें वाचलें. त्या वाचनांत कृत्रिम झडपांचे गुणदोष तर समजलेच. परंतु आपल्या बाजूस हृदयावर शस्त्र चालविण्याचा मार्ग कोणीं मोकळा केला, हें शोधतां शोधतां एक नांव पुन्हां पुन्हां समोर येऊं लागलें. तें डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचें.

चरित्राकडे वळण्यापूर्वीं झडप म्हणजे काय हें सांगूं. हृदय म्हणजे मुठीएवढा स्नायूंचा पंप. त्यांत चार दालनें व चार झडपा असतात. दिवसाकाठीं सुमारें एक लक्ष वेळां तें आकुंचन पावतें, आणि प्रत्येक वेळीं झडपा उघडतात व मिटतात. आमच्या जिल्ह्यांतील मुलांस हें समजावून सांगणें सोपें आहे. खाडीकांठच्या खारबांधाची उघाडी ज्यानें पाहिली आहे त्यास झडप समजली. ओहोटीच्या वेळीं शेतांतील पाण्याच्या रेट्यानें उघाडीचें दार बाहेर लोटलें जातें व पाणी खाडींत उतरतें. भरती चढूं लागली कीं तेंच दार भरतीच्या दाबानें मिटतें व खारें पाणी आंत येऊं देत नाहीं. कोणी माणूस तेथें उभा राहून दार उघडीत-मिटीत नाहीं. हृदयांतही तसेंच चालतें. आतां हें दार गाळानें व शिंपल्यांनीं जाम झालें तर दोन अनर्थ संभवतात. पुरतें उघडलें नाहीं तर शेतांत पाणी तुंबतें. पुरतें मिटलें नाहीं तर खारें पाणी शिरून पीक जातें. झडपेचे मुख्य विकारही हे दोनच : ती अरुंद होणें व ती गळणें.

आमच्या विद्यार्थिनीस जो ताप आला होता त्यास सांधेताप म्हणतात. घशांत स्ट्रेप्टोकॉकस जातीच्या जंतूंचा प्रादुर्भाव झाला असतां त्यांच्याशीं लढण्यास शरीर जीं द्रव्यें निर्माण करतें, तीं कांहीं मुलांत चुकून स्वतःच्याच सांध्यांवर व झडपांवर उलटतात. सांधे बरे होतात; झडपा होत नाहींत. त्यांच्या कडा हळूहळू जाड होतात, एकमेकींस चिकटतात, आणि वर्षांनुवर्षांनीं डाव्या बाजूच्या दोन दालनांमधील द्विदल झडप अनेकदां एखाद्या बटणाच्या काजाएवढी अरुंद होऊन बसते. मग रक्त मागें फुप्फुसांत तुंबतें व धाप लागते. संपन्न देशांतून हा रोग जवळजवळ नाहींसा झाला आहे. जेथें घरें लहान, माणसें पुष्कळ व दवाखाना दूर, तेथें तो अद्याप नांदतो आहे. घसा दुखत असतांनाच पेनिसिलिन मिळालें तर बहुधा तो टळतो. आणि एकदां येऊन गेला असल्यास दर तीन-चार आठवड्यांनीं पेनिसिलिनचें इंजेक्शन अनेक वर्षें नेमानें घेतल्यानें तो उलटण्याचें भय पुष्कळ कमी होतें. त्या मुलीस हें कोणीं सांगितलें नव्हतें. आम्हीं, तिच्या शिक्षकांनींही, सांगितलें नव्हतें, कारण आम्हांस ठाऊक नव्हतें.

आतां चरित्राकडे येतों. प्रफुल्लकुमार सेन यांचा जन्म १९१५ सालीं कलकत्त्यास झाला. घराणें बंगाली, परंतु बाळपण नागपुरांत गेलें, आणि आयुष्याची सर्व कर्तबगारी मुंबईंत घडली. वैद्यकाचें शिक्षण त्यांनीं परळच्या शेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयांत घेतलें. हें महाविद्यालय व त्यास जोडलेलें के. ई. एम्. रुग्णालय १९२६ सालीं सुरू झालें. त्याच्या स्थापनेची एक गोष्ट मुलांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. देणगीदारांनीं अट घातली होती कीं, येथील अध्यापक योग्यता असलेले भारतीयच असावेत. त्या काळीं मोठ्या सरकारी रुग्णालयांत वरच्या जागा गोऱ्या अधिकाऱ्यांकडे असत, आणि भारतीय डॉक्टरानें कितीही विद्या संपादन केली तरी त्यास दुय्यम स्थानीं राहावें लागे. त्या अटीनें परळास एक अशी जागा निर्माण झाली कीं जेथें आपल्याकडील तरुण डॉक्टरास कोणाच्या मागें न उभें राहतां कांहीं नवें करून पाहतां येई. सेन याच संस्थेंत शिकले, याच संस्थेंत शिकवूं लागले व येथेंच शस्त्रविद्येचे प्राध्यापक झाले. मध्यंतरीं अमेरिकेंत फिलाडेल्फिया शहरीं जाऊन त्यांनीं अधिक शिक्षण घेतलें.

फिलाडेल्फिया हें नांव येथें महत्त्वाचें आहे. फार काळपर्यंत शस्त्रवैद्य पोट उघडीत, कवटी उघडीत, पण हृदयास हात लावीत नसत. १९२५ सालीं लंडनमध्यें सौटर नांवाच्या शस्त्रवैद्यानें एका तरुण मुलीच्या हृदयांत बोट घालून अरुंद झडप मोकळी केली. मुलगी वांचली, परंतु त्यानंतर दुसऱ्या कोणत्याही वैद्यानें त्याच्याकडे तसा रोगी पाठविला नाहीं! विद्वानांचें मत असें होतें कीं, रोग झडपेंत नसून हृदयाच्या स्नायूंत आहे. म्हणून झडपेवर उपचार करणें व्यर्थ. त्या मतामुळें तेवीस वर्षें वायां गेलीं. १९४८ च्या जूनमध्यें फिलाडेल्फियाच्या चार्ल्स बेली यांनीं व त्याच महिन्यांत बोस्टनच्या ड्वाइट हार्केन यांनीं ही क्रिया यशस्वी करून दाखविली. बेलींचे त्यापूर्वींचे चार प्रयत्न रोग्यांच्या मृत्यूनें संपले होते. आम्हांस हें वाचून बेलींविषयीं आदर वाटला कीं भय वाटलें, हें आम्ही निश्चित सांगूं शकत नाहीं; बहुधा दोन्ही.

१९५० नंतरच्या दशकांत सेनांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं के. ई. एम्. मध्यें ही शस्त्रक्रिया चालविली. तिची रीत अशी : डाव्या बाजूच्या बरगड्यांमधून छाती उघडावयाची; हृदयाच्या डाव्या वरच्या दालनास एक लहानसा कानासारखा भाग असतो, त्याभोंवतीं दोरा ओवून ठेवावयाचा; मग त्या कानास छेद देऊन तर्जनी आंत सरकवावयाची व लगेच दोरा आंवळावयाचा, म्हणजे रक्त बाहेर येत नाहीं. यापुढें डोळ्यांचा उपयोग संपला. हृदय चालूंच असतें, आंत रक्त भरलेलें असतें, आणि शस्त्रवैद्य केवळ बोटाच्या टोंकानें चांचपून चिकटलेल्या कडा कोठें आहेत तें ओळखतो व दाब देऊन त्या विलग करतो. जोर कमी पडला तर काम होत नाहीं. अधिक झाला तर झडप फाटते व मग ती गळतच राहते. बोट आंत असतां झडपेचें तोंड अडलेलें असतें, म्हणून हें सर्व कांहीं क्षणांतच उरकावें लागतें.

ही क्रिया आपल्या देशास फार मानवली. तीस मोठें यंत्र लागत नसे, परदेशी सामान लागत नसे. लागे तो शिकलेला हात. आणि आपल्याकडील रोगी होते तरुण. विलायतेंत अरुंद झडपेची स्त्री बहुधा चाळिशीच्या पुढची असे. आपल्याकडे पंधरा-सोळा वर्षांचीं मुलें त्याच अवस्थेस पोंचलेलीं आढळत. आमचा जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा या नांवानें ओळखला जाई. त्या जुन्या काळीं माणगांवकडील माणूस धरमतरपर्यंत मोटारीनें व तेथून आगबोटीनें मुंबईच्या धक्क्यास उतरे. धाप लागणाऱ्या माणसास तो प्रवास कसा वाटत असेल याची कल्पनाच केलेली बरी. परत येतांना तोच माणूस स्वतःचें गांठोडें स्वतः उचलून आला, तर गांवांत त्या डॉक्टरांचें नांव कोणासही ठाऊक नसलें तरी परळ हें नांव ठाऊक होई.

तथापि बोटाच्या क्रियेस मर्यादा होत्या. जी झडप गळते, जीवर चुन्याचे थर बसले आहेत, जी चामड्यासारखी कडक झाली आहे, तीस बोट काय करणार? तेथें जुनी झडप काढून नवी बसविणें एवढाच उपाय. आणि त्यासाठीं हृदय थांबविलें पाहिजे व तेवढा वेळ त्याचें काम दुसऱ्या कोणीं केलें पाहिजे. तें यंत्र जॉन गिबन यांनीं १९५३ सालीं प्रथम यशस्वीपणें वापरलें, पुन्हां फिलाडेल्फियांतच. कृत्रिम झडपेचा आरंभ त्याच्याही आधीं, १९५२ सालीं, चार्ल्स हफनागेल यांनीं केला होता. परंतु त्यांची झडप हृदयांत नव्हे तर बाहेर महारोहिणींत बसविली जाई, आणि तिचा आवाज खोलीच्या दुसऱ्या टोंकास ऐकूं येई.

हृदयांत टिकणारी पहिली झडप घडविणारा मनुष्य डॉक्टर नव्हता. लोवेल एडवर्ड्स हे अमेरिकेच्या ऑरेगन प्रांतांतील यंत्रशास्त्रज्ञ. लांकडाच्या ओंडक्यांची साल पाण्याच्या झोतानें काढण्याचें यंत्र, विमानाच्या इंधनाचा पंप, असल्या गोष्टी त्यांनीं शोधल्या होत्या. लहानपणीं त्यांसही सांधेताप येऊन गेला होता. १९५८ सालीं, साठीस पोंचल्यावर, ते आल्बर्ट स्टार नांवाच्या तरुण शस्त्रवैद्याकडे गेले आणि आपण दोघे मिळून कृत्रिम हृदय करूं, असा विचार त्यांनीं मांडला. स्टार यांनीं आधीं एक झडप करूं, असें सुचविलें. दोन वर्षांत पिंजऱ्यांतील चेंडूची झडप तयार झाली : धातूचा लहान पिंजरा, आंत सिलिकॉन रबराचा चेंडू, व शिवण्यासाठीं कापडी कडें. रक्ताचा रेटा आला कीं चेंडू वर, रेटा उलटला कीं चेंडू खालीं. १९६० च्या ऑगस्टमध्यें पहिली रोगी त्याच दिवशीं हवेचा बुडबुडा मेंदूकडे जाऊन दगावली. सप्टेंबरमधील दुसरा रोगी दहा वर्षें जगला व शेवटीं शिडीवरून पडून वारला. झडप तेव्हांही शाबूत होती.

येथें थांबून या झडपांचे दोष सांगितले पाहिजेत, कारण त्या माउलीचा प्रश्न तोच होता.

रक्ताचा स्वभाव असा कीं, आपल्याच नलिकांच्या अस्तराखेरीज दुसऱ्या कशासही तें स्पर्श करील तर गोठूं लागतें. धातूच्या झडपेवर गुठळी धरली तर झडप अडकून पडते. गुठळीचा कण सुटून मेंदूकडे गेला तर एका क्षणांत अर्धांगवायु होतो. म्हणून धातूची झडप बसविलेल्या माणसानें जन्मभर रक्त गोठूं न देणारें औषध घेतलें पाहिजे. हें औषध, वॉर्फरिन, आरंभीं उंदीर मारण्यास वापरीत! कुजलेलें गवत खाऊन गुरें रक्तस्रावानें मरत, त्याचें कारण शोधतां शोधतां अमेरिकेंतील विस्कॉन्सिन येथें कार्ल लिंक यांच्या हाताखालीं तें निघालें, आणि १९५४ पासून माणसांस देऊं लागले. त्याची मात्रा म्हणजे तलवारीची धार. कमी पडली तर गुठळी. अधिक झाली तर नाकांतून, हिरड्यांतून, पोटांत, कधीं मेंदूंत रक्तस्राव. म्हणून रक्ताची एक कसोटी वारंवार करावी लागते. निरोगी माणसाचा आंकडा १ च्या आसपास असतो. द्विदल झडपेच्या जागीं धातूची झडप असेल तर तो साधारण २.५ ते ३.५ यांच्या दरम्यान ठेवतात. त्यांतही माठ, पालक, शेवग्याचा पाला अशा हिरव्या भाज्या या औषधाचा जोर कमी करतात. भाज्या सोडावयाच्या नसतात, पण एक आठवडा रोज आणि दुसरा आठवडा मुळींच नाहीं, असें करून चालत नाहीं. पावसाळ्यांत रानभाज्यांवर राहणाऱ्या घरास हें सांगणें किती अवघड, तें आम्हीं पाहिलें आहे. दुखण्यावरच्या पुष्कळशा साध्या गोळ्याही या औषधाशीं वैर करतात.

मुलींच्या बाबतींत आणखी एक कठीण गोष्ट आहे व ती झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. गर्भारपणीं हें औषध गर्भास बाधक होऊं शकतें, आणि तें बंद केलें तर आईच्या झडपेवर गुठळी होण्याचें भय. त्या काळांत जाणत्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीं औषध बदलावें लागतें, आणि तरीही धोका उरतोच.

दुसरें भय जंतूंचें. किडलेला दांत काढतांना रक्तांत शिरलेले जंतु निरोगी माणसांत तेव्हांच मरून जातात. कृत्रिम झडपेवर मात्र ते घर करून बसतात व तो रोग प्राणघातक ठरतो. म्हणून अशा माणसानें दांत काढण्यापूर्वीं डॉक्टरास झडपेविषयीं सांगून औषध घ्यावें लागतें. मग झडपेच्या कडेनें टांका सुटून गळती लागणें, झडपेवर आदळून रक्ताच्या तांबड्या पेशी फुटणें व पंडुरोग होणें, शरीराच्या ऊती आंत वाढून झडपेस अडविणें, हींही विघ्नें आहेत. आणि कधीं झडपच दगा देते. आरंभींच्या चेंडूंपैकीं कांहीं चेंडू रक्तांतील स्निग्ध पदार्थ शोषून फुगले व तडकले. पुढें तिरप्या तबकडीच्या झडपा निघाल्या. त्यांतील ब्यॉर्क-शायली झडपेचा एक प्रकार १९७९ ते १९८६ या काळांत हजारों लोकांस बसविल्यानंतर असें दिसून आलें कीं, कांहींच्या आंतील तारेचा सांधा अकस्मात् तुटतो. ज्यांच्या छातींत ती होती त्यांनीं पुढील वर्षें कोणत्या मनःस्थितींत काढलीं असतील? काढावी तरी भय, ठेवावी तरी भय.

प्राण्याच्या ऊतींच्या झडपेस, म्हणजे डुकराच्या झडपेपासून अगर गाईगुरांच्या हृदयावरील आवरणापासून केलेल्या झडपेस, जन्मभर वॉर्फरिन सहसा लागत नाहीं. पण ती झिजते. म्हाताऱ्या माणसांत सावकाश, तरुणांत लवकर. सोळा वर्षांच्या मुलीनें ती घेतली तर दहा-पंधरा वर्षांत, कदाचित् त्याहूनही आधीं, पुन्हां छाती उघडण्याची तयारी ठेवली पाहिजे. निर्दोष झडप अजून कोणीं केलेली नाहीं. परदेशी झडप गरिबांस परवडत नाहीं म्हणून तिरुवनंतपुरम् येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेंत डॉ. वलियाथन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं देशी झडप करण्याचें हातीं घेतलें. त्यांचे पहिले तीन नमुने फसले. एकाचा सांधा तुटला. चौथा टिकला, आणि १९९० च्या डिसेंबरमध्यें तो प्रथम माणसाच्या हृदयांत बसविला गेला. पुढें ही चित्रा झडप सहस्रावधि भारतीयांच्या छातींत चालूं लागली. तें पाहण्यास सेन राहिले नव्हते.

सेनांची बुद्धि एका वाटेनें जाणारी नव्हती. झडपांखेरीज रोहिण्यांच्या रोगांचा त्यांनीं मोठा अभ्यास केला. महारोहिणी व तिच्या शाखा आंतून सुजून अरुंद होतात, असा एक रोग आपल्याकडे तरुण माणसांत, विशेषतः मुलींत, दिसतो. एका हाताची नाडीच लागत नाहीं. डॉ. किणरे, डॉ. केळकर व डॉ. परुळकर यांच्यासह त्यांनीं त्यावर ग्रंथ लिहिला. पण त्यांची सर्वांत विलक्षण कल्पना सापापासून आली. सापाच्या हृदयाच्या स्नायूस पुष्कळसें रक्त बाहेरच्या रोहिण्यांतून न मिळतां आंतल्या पोकळींतून, सूक्ष्म छिद्रांवाटें, मिळतें. मग ज्या माणसाच्या हृदयाच्या रोहिण्या बुजल्या आहेत त्याच्या हृदयाच्या भिंतीस सुईनें बारीक छिद्रें पाडलीं तर? प्राण्यांवर प्रयोग करून त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९६५ सालीं हें प्रसिद्ध केलें. छिद्रें बुजून जात, असें पुढें दिसून आलें. पण कांहीं वर्षांनीं परदेशांत सुईच्या जागीं लेसर किरण घेऊन तोच विचार पुन्हां उचलला गेला, आणि त्या विषयाच्या इतिहासांत परळच्या प्रयोगाचा उल्लेख पहिल्या पानावर येतो.

आतां त्या प्रसंगाकडे येतों, ज्यामुळें सेनांचें नांव वृत्तपत्रांत गाजलें आणि ज्याविषयीं आमचें मन अजून पूर्ण स्थिर नाहीं. १९६७ च्या डिसेंबरांत दक्षिण आफ्रिकेंतील केपटाउन येथें ख्रिश्चन बर्नार्ड यांनीं मृत मनुष्याचें हृदय काढून दुसऱ्याच्या छातींत बसविलें. जगांत खळबळ उडाली. त्यानंतर तीन महिन्यांच्या आंत, १९६८ च्या फेब्रुवारींत, सेनांनीं के. ई. एम्. मध्यें तीच शस्त्रक्रिया केली. हृदयाचा स्नायु निकामी झालेल्या एका तरुण शेतकऱ्यास त्यांनीं अपघातांत दगावलेल्या तरुणीचें हृदय बसविलें. जगांतील हें सहावें हृदयारोपण होय. बर्नार्ड, कॅन्ट्रोविट्झ व शमवे यांच्यानंतर हें धाडस करणारे सेन हे चौथे शस्त्रवैद्य. नवें हृदय चाललें. पण सुमारें तीन तासांनीं रोगी वारला. त्याच वर्षीं त्यांनीं दुसरा प्रयत्न केला. तोही रोगी एक दिवस पुरता करूं शकला नाहीं. त्यानंतर सेनांनीं हा मार्ग सोडला.

या प्रसंगाकडे दोन रीतींनीं पाहतां येतें. कोणी म्हणेल, एका महानगरपालिकेच्या रुग्णालयांत, जेथें खाटांच्या मध्यें जमिनीवर रोगी निजलेले असतात, तेथें हा खटाटोप कशासाठीं? तेवढ्या श्रमांत किती अरुंद झडपा मोकळ्या झाल्या असत्या! हा आक्षेप आम्हांस पोकळ वाटत नाहीं. उलट पक्षीं हेंही खरें कीं, त्या वर्षीं साऱ्या जगांत शंभरांवर हृदयें बदललीं गेलीं आणि त्यांतील बहुतेक रोगी लवकरच दगावले. दोन-तीन वर्षांत बहुतेक रुग्णालयांनीं तें काम बंद केलें. दोष हाताच्या कौशल्याचा नव्हता. परक्या अवयवास शरीर झुगारून देतें, त्यावर चांगलें औषध तोंवर नव्हतें. तें १९८० नंतर हातीं आलें. शिवाय मेंदू मृत झाला म्हणजे मनुष्य मृत झाला, हें आपल्या कायद्यानें मानलें नव्हतें. तो कायदा १९९४ सालीं झाला, आणि त्याच वर्षीं दिल्लीस डॉ. वेणुगोपाल यांनीं भारतांतील पहिलें यशस्वी हृदयारोपण केलें. सेनांच्या प्रयत्नानंतर सव्वीस वर्षांनीं. त्या तरुण शेतकऱ्याच्या घरीं काय सांगितलें गेलें, त्यांस कितपत समजलें, हा विचार मात्र आमच्या मनांतून जात नाहीं. सेनांनीं केलें तें लपवून ठेवलें नाहीं. दोन्ही अपयशें लिहून जगापुढें मांडलीं. यामुळेंच आज आम्हांस त्यांविषयीं मत देतां येतें.

१९६९ सालीं भारत सरकारनें त्यांस पद्मभूषण ही पदवी दिली. त्यांच्या हाताखालीं शिकलेल्या शस्त्रवैद्यांनीं मुंबईंत पुढें मोठा लौकिक मिळविला. सापाच्या हृदयावरील प्रयोगांत त्यांच्याबरोबर असलेले डॉ. तेहेमटन उडवाडिया हे पुढें दुर्बिणीनें पोटावर शस्त्रक्रिया करण्याच्या विद्येचे भारतांतील अग्रणी झाले. १९८२ सालीं सेन निवर्तले. योगायोग असा कीं, चेंडूची झडप घडविणारे एडवर्ड्स यांचा अंतही त्याच वर्षीं झाला. बोटाची ती जुनी शस्त्रक्रिया आतां क्वचितच होते. जपानचे इनोउए यांनीं काढलेल्या रीतीनें मांडीच्या शिरेंतून नळी नेऊन, तिच्या टोंकाचा फुगा फुगवून, छाती न उघडतां तेंच काम साधतात. आमच्या विद्यार्थिनीची झडप फार कडक होती व गळतही होती, म्हणून तिला तो उपाय लागू पडला नाहीं.

दोन दिवसांनीं तिची आई पुन्हां आली. आम्हीं वाचलेलें सर्व तिला सांगितलें. दोन्ही बाजू सांगितल्या, मुलीच्या पुढील संसाराची गोष्टही सांगितली. ती बराच वेळ ओट्यावर बसून राहिली. शेवटीं, पुन्हां एकदां छाती उघडण्याचें बळ आपल्यापाशीं नाहीं, असें म्हणून ती उठली. धातूची झडप बसली. दिवाळीनंतर मुलगी वर्गांत परत आली. सहामाहीचा चुकलेला पेपर तिला एकटीला द्यावयाचा होता, तेव्हां आम्हीच देखरेखीस होतों. खोली शांत होती आणि मनगटी घड्याळासारखी बारीक टकटक ऐकूं येत होती. आम्हीं भिंतीकडे पाहिलें, तेथें घड्याळ नव्हतें. मुलगी मान खालीं घालून लिहीत होती. तिच्यापाशीं एक लहान वही आहे. महिन्यास एकदां रक्त तपासून आल्यावर त्यांत ती तारीख व आंकडा लिहिते, आणि आम्हांस दाखविते. हा मजकूर छापण्यास देतांना शेवटचा आंकडा २.८ आहे.